नाशिकच्या संगीत संस्था, वाचनालये आणि उत्सव मंडळांस खुले पत्र : तरुण गायकांना स्पर्धेआधी बैठक द्या

प्रति,
विश्वस्त, पदाधिकारी आणि संयोजक,
नाशिक शहरातील संगीत संस्था, वाचनालये, सभागृहे आणि सार्वजनिक उत्सव मंडळे

स. न. वि. वि.

मी नाशिकमध्ये संवादिनीची साथ करतो. आपल्यापैकी अनेकांच्या स्पर्धांना, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना आणि गणेशोत्सवातील मैफलींना मी गायकाच्या डाव्या हाताला बसलेलो असतो. त्या जागेवरून गायकाचा चेहरा फारसा दिसत नाही, पण त्याचा श्वास ऐकू येतो, मांडीवर ताल धरणारा हात दिसतो आणि पहिला षड्ज (सा) लागण्याआधीची त्याची चलबिचल आपल्याला प्रेक्षागृहातून कधीच जाणवणार नाही इतकी स्पष्ट जाणवते. या जागेवरून जे पाहिले, त्याच्या आधारे एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती अशी की, बारा ते वीस वर्षांच्या गाणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्या शहरात दर महिन्याला एक छोटी बैठक व्हावी, जिथे परीक्षक नसतील, क्रमांक नसतील आणि प्रत्येकाला निदान वीस मिनिटे सलग गाता येईल.

नाशिकला गाणे शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. क्लास गल्लोगल्ली आहेत, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दर सत्राला मुले बसतात, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत चांगला आवाज असलेले एखादे मूल हमखास सापडते. दुसऱ्या टोकाला महाकवी कालिदास कलामंदिरात आणि परशुराम सायखेडकर नाट्यमंदिरात नावाजलेल्या कलाकारांचे कार्यक्रम होतात, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला पहाटेच्या गारठ्यात लोक जागा धरून बसतात. रसिकांचीही वाण नाही, असाच याचा अर्थ. मात्र क्लासच्या खोलीपासून त्या मोठ्या मंचापर्यंत जाताना मधे जी पायरी हवी, ती आपण बांधलेलीच नाही; त्या जागी स्पर्धा ठेवली आहे. स्पर्धा ही निवड करण्याची रीत आहे, घडवण्याची नाही, एवढेच माझे म्हणणे आहे आणि पुढचे सगळे पत्र त्याच्याच समर्थनार्थ आहे.

एका आंतरशालेय स्पर्धेतला प्रसंग सांगतो. संयोजकांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे बहुतेक ठिकाणी घडते. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी भूप रागात छोटा ख्याल गाणार होती. तिची पट्टी, म्हणजे पेटीवरचा कोणता सूर ‘सा’ धरून ती गाते ते, विचारली, तर तिने आधी आईकडे पाहिले आणि मग म्हणाली, ‘काळी पाच’, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. क्लासमध्ये सगळ्या मुली एकत्र शिकतात आणि सगळ्यांना काळी पाच दिलेली असते, असे बोलण्यातून कळले. मंचामागच्या खोलीत मी तिला त्याहून खालच्या पांढऱ्या पाचात गायला लावले आणि तार सप्तकातला गंधार (वरचा ग), जो तिच्याच शब्दांत ‘कधीच नीट येत नाही’, तो सहज आला. ती स्वतःच दचकली. पण मंचावर मुलींच्या गटासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी पाचमध्येच लावून ठेवलेला होता. प्रत्येकीसाठी पट्टी बदलली तर वेळ जातो, असे सांगण्यात आले. ती काळी पाचमध्ये गायली. हनुवटी वर, मानेच्या शिरा ताठ, प्रत्येक तानेच्या शेवटी श्वास अपुरा. गुणपत्रिकेवर परीक्षकांनी शेरा लिहिला : ‘आवाज चांगला, आत्मविश्वास कमी.’

त्या शेऱ्याबद्दल परीक्षकांना दोष देता येणार नाही, त्यांना समोर जे दिसले ते त्यांनी लिहिले. परंतु त्या मुलीला कमी पडला तो आत्मविश्वास नव्हता, तीन अर्धस्वरांचे अंतर होते. आपला आवाज कोणत्या पट्टीत मोकळा होतो, कोणत्या स्वरावर श्वास घ्यावा लागतो, घाबरल्यावर आपली लय किती चढते, या गोष्टी क्लासच्या खोलीत कळत नाहीत, कारण तिथे बाई किंवा गुरुजी सतत पाठीशी गात असतात. त्या गोष्टी माणसांसमोर एकट्याने गाऊनच कळतात, आणि एकदा गाऊन भागत नाही. मी ज्यांना साथ केली त्यांच्यात मंचावर स्थिर बसणारी जी मुले होती, ती जात्याच धीट होती असे नाही. घरात आजोबांचे भजनी मंडळ होते, किंवा वाड्यात गणपतीत रोज म्हणायला लावायचे, किंवा एखाद्या देवळात एकादशीला अभंग म्हणण्याची सवय होती. लहान, ओळखीच्या श्रोत्यांसमोर वारंवार गाण्याची संधी त्यांना आयती मिळाली होती. वाडे गेले, भजनी मंडळात तरुण मुले क्वचित दिसतात, आणि फ्लॅटमध्ये रियाज केला तर खालच्या मजल्यावरून निरोप येतो. पूर्वी जे समाजात आपोआप होत असे, ते आता कोणीतरी ठरवून करावे लागेल.

स्पर्धेच्या रचनेतच काही अडचणी आहेत. बहुतेक ठिकाणी पाच मिनिटे मिळतात. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन संथ लयीत पाऊण मिनिटाच्या आसपास जाते. म्हणजे पाच मिनिटांत सहा-सात आवर्तने होतात आणि त्यांत राग मांडणे कोणालाही शक्य नाही. म्हणून मुलांना पाच मिनिटांत बसेल अशा चिजा (बंदिशी) बसवून दिल्या जातात, ठरलेल्या जागी ठरलेल्या ताना, आणि शेवटी एक तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा. मूल ती ‘वस्तू’ उत्तम सादर करते, पण समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, चुकले तर सावरायचे कसे हे त्याला माहीत नसते, कारण सावरायला वेळ असतो अशी वेळच त्याच्यावर आलेली नसते. सुगम संगीताच्या स्पर्धांत तर आता ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ, वाजतो. ट्रॅक थांबत नाही. ज्याने कधी जिवंत तबल्याबरोबर गायले नाही, त्याला साथीदार आपल्याकडे पाहतो आहे, आपल्यासाठी थांबतो आहे, ठेका किंचित सैल सोडून आपल्याला परत समेवर आणतो आहे, हा आधार काय असतो तेच कळत नाही.

आता गुरुजनांचा आक्षेप. तो मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याला हलके लेखत नाही. ‘आधी तयारी, मग मंच’ ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. अर्धवट शिकलेल्या मुलाने चार लोकांसमोर गाऊन वाहवा मिळवली की त्याचा रियाज सुटतो, असा अनुभव त्यामागे आहे. हे खरेच घडते, विशेषतः ज्यांना लहान वयात फार टाळ्या मिळाल्या त्यांच्या बाबतीत. परंतु मी सुचवतो आहे त्या बैठकीत वाहवा मिळवण्यासारखे फारसे काही नसेल. तिथे पन्नासच माणसे असतील आणि त्यांतली बरीचशी गाणे जाणणारी असतील. दुसरे असे की, परीक्षांच्या वरच्या पायऱ्यांवर मंचप्रदर्शनाला स्वतंत्र गुण असतात, हे आपण जाणताच. विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत पोचलेली, राग-तालांची शास्त्रीय माहिती तोंडपाठ असलेली मुले मंचप्रदर्शनाच्या दिवशी प्रथमच अनोळखी माणसांसमोर बसत असतील, तर ती तयारी अपुरी आहे असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. श्रोता हा तयारीचाच भाग आहे.

आपल्या शहराला या बाबतीत एक वारसाही आहे, ज्याची आठवण आपण जयंती-पुण्यतिथीपुरती काढतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि दरबार व धनिकांचे दिवाणखाने यांत अडकलेले गाणे सार्वजनिक जलशांतून सर्वसामान्यांपुढे आणले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आश्रम काढून राहिले. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. दहाव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले, पुढे विनायकराव पटवर्धनांसारख्या गुरूंकडे शिक्षण झाले, आणि १९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात ते गायले. हा दाखला देताना मी सावध आहे. दत्तात्रेयबुवांची प्रतिभा असामान्य होती आणि तिच्याशी आपल्या मुलांची तुलना करणे अन्यायाचे होईल. मला त्यातली एवढीच गोष्ट घ्यायची आहे की, चौदा वर्षांच्या मुलाला गायला बसवणारे आणि ऐकून घेणारे एक संमेलन तेव्हा होते. आज नाशिकमध्ये चौदा वर्षांचा मुलगा अर्धा तास राग मांडू शकत असला, तरी तो कुठे मांडणार, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आपल्याकडे असल्यास मला ते ऐकायला आवडेल.

मुलग्यांचा विषय निघाला आहे, तर त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुलींपेक्षा मुलगे गाणे लवकर सोडतात आणि त्याचे कारण बऱ्याचदा कोणी विचारत नाही. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचा आवाज फुटतो. काल काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा काही महिन्यांत पांढरी एक किंवा काळी एकपर्यंत खाली येतो, मधल्या काळात आवाज कुठे चिरकेल याचा नेम नसतो, आणि ज्या चिजेवर त्याने गेल्या वर्षी बक्षीस मिळवले तीच त्याला गाता येत नाही. या मुलाला स्पर्धेत उभे केले तर तो हरतो, वर्गातली मुले हसतात, आणि नेमके त्याच सुमारास दहावी आलेली असल्यामुळे घरचेही फारसा आग्रह धरत नाहीत. (दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेवढ्यापुरती परीक्षा देऊन तंबोऱ्याला गवसणी घालणारी घरेही मी पाहिली आहेत; गुण मिळावेत याला माझा विरोध नाही, पण गुण मिळाल्यावर गाणे का थांबावे हे कळत नाही.) अशा मुलाला खालच्या पट्टीत, मध्य सप्तकातच फिरणारी, फार ताण न देणारी रचना घेऊन आपल्याच वयाच्या चार जणांसमोर बसता आले, ‘आवाज फुटतोय, वर्षभर असेच चालणार’ हे कोणी मोठ्या गायकाने त्याला सर्वांदेखत सांगितले, तर तो टिकतो. मी असे टिकलेले पाहिले आहेत. ज्यांना कोणी सांगितले नाही, त्यांतले काही आता माझ्याकडे मुलांना घेऊन येतात आणि ‘मीही गायचो’ म्हणतात.

मोबाइलबद्दल एकच परिच्छेद पुरे. मुले गाण्याची चित्रफीत टाकतात, त्यात वाईट काही नाही, आणि दूरच्या आत्याला ती ऐकता येते हेही चांगलेच. पण ती चित्रफीत अनेक वेळा गाऊन त्यांतली सर्वांत चांगली निवडलेली असते. बैठकीत पहिलाच सूर खरा असतो. मनाजोगते झाले नाही तर पुसता येत नाही, पुढे जावे लागते, आणि पुढे जाता येते हे कळणे हाच धीर.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते लिहितो. महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळी पाच ते सात. वेळ मुद्दाम लवकरची सुचवतो आहे, कारण सिडको, सातपूर, नाशिकरोड इथल्या मुलींना अंधार पडायच्या आत किंवा निदान बस मिळत असताना घरी परतता यावे. त्याच कारणाने बैठक कायम गंगापूर रोडच्या बाजूलाच न भरवता फिरती ठेवावी. तीन ते चार गायक, प्रत्येकाला वीस मिनिटे. जागा लहान असावी : १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेकडे, कुसुमाग्रज स्मारकाकडे किंवा एखाद्या शाळेकडे पन्नास माणसे सतरंजीवर बसतील अशी खोली निघू शकेल, असा माझा समज आहे. ध्वनिक्षेपक नको. पन्नास माणसांच्या खोलीत आवाज पोचवायला माइक लागत नाही, आणि स्वतःचा आवाज खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जातो हे एकदा अनुभवलेले मूल पुढे माइकसमोर बसले तरी त्याला चिकटत नाही. तानपुरा गाणाऱ्याच्या पट्टीत लावलेला असावा, प्रत्येकासाठी वेगळा लावावा लागला तरी. त्याला दोन मिनिटे जातात.

काय गावे याची सक्ती नसावी. यमनातला ख्याल गाणाऱ्याइतकेच स्थान अभंग, नाट्यगीत, भावगीत किंवा गझल गाणाऱ्याला असावे, आणि कोणी स्वतः चाल लावलेली कविता घेऊन आला तर त्याचे अधिक कौतुक व्हावे. अट एकच : साथ जिवंत असावी, ट्रॅक नसावा. साथीदारांची भेट निदान एक दिवस आधी घडवावी, म्हणजे पट्टी, लय आणि मुखडा (चिजेची सुरुवातीची ओळ) कुठून उचलायचा हे ठरेल. मंचावर चढल्यावर ‘तुझी पट्टी काय?’ असे विचारणे हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि आम्ही साथीदारही त्यात सामील असतो.

आपल्याला न आवडणारी एक गोष्टही लिहितो. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मनोगत आणि आभार यांना या बैठकीत जागा नसावी. मी असे कार्यक्रम पाहिले आहेत की, ज्यांत चारला बोलावलेले मूल साडेसहाला गायला बसते. तोवर वातानुकूलित सभागृहात बसून त्याचा घसा थंड पडलेला असतो, सकाळी तापवलेला आवाज गेलेला असतो, आणि मग त्याला दोन मिनिटांत आटोपते घ्यायला सांगितले जाते. प्रायोजकांचा सत्कार मोठ्या कार्यक्रमांत जरूर व्हावा. इथे प्रायोजक लागणारच नाही, कारण खर्च सतरंजी, चहा आणि साथीदारांच्या प्रवासखर्चाएवढा आहे.

श्रोत्यांकडूनही एक अपेक्षा आहे. गाणे संपल्यावर एखाद्या जाणकाराने मुलाशी पाच मिनिटे बोलावे, पण ‘छान झाले’ किंवा ‘रियाज वाढव’ एवढेच न सांगता नेमके सांगावे : दुसऱ्या आवर्तनानंतर लय वाढली, निषादावर थांबलीस ते शोभले, शब्द गिळलेस. नेमके सांगितलेले मुलांच्या लक्षात राहते, आणि पुढच्या वेळी ते सुधारून आलेले मूल पाहणे हा श्रोत्यालाही मिळणारा आनंद आहे. नुसत्या स्तुतीने जो फुगतो तो पहिल्या टीकेला फुटतो. म्हणून दोन्ही मापात हवे.

उत्सव मंडळांना आणि पाडवा पहाटेच्या संयोजकांना वेगळी विनंती आहे. या बैठकींतून वर्षभर गायलेल्या मुलांपैकी एकाला मुख्य कलाकाराच्या आधी पंधरा मिनिटे द्यावीत, त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापावे, आणि ते पंधरा मिनिटांचे गाणे म्हणजे लोक येऊन बसेपर्यंतचा वेळ भरून काढणे नव्हे, हे निवेदकाने सांभाळावे. मुख्य कलाकार याला हरकत घेतील असे मला वाटत नाही. बहुतेक जण स्वतः असेच कोणाच्या तरी आधी गायलेले असतात. गणेशोत्सवात दहा दिवसांपैकी एखाद्या संध्याकाळी आरतीच्या आधी अर्धा तास परिसरातल्या मुलांना द्यावा. त्यासाठी वर्गणीतून काहीही वेगळे काढावे लागणार नाही.

साथीदारांच्या बाजूने मी एवढे सांगू शकतो की, या बैठकींना मी मानधन न घेता संवादिनीची साथ करेन, आणि माझ्या ओळखीचे दोन-तीन तबलजीही तयार आहेत. दिवाळीनंतर शाळांची परीक्षा संपून थोडी उसंत असते. सुरुवात तेव्हा करावी असे सुचवतो. आपल्यापैकी ज्या संस्थेला खोली देणे शक्य असेल तिने तारीख कळवावी. मुले शोधण्याचे काम क्लासचालक आनंदाने करतील, आणि पहिल्या बैठकीला ज्या गायकाची पट्टी आधी कळेल त्याच्यासाठी तानपुरा मी स्वतः लावून ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक संवादिनीवादक
पंचवटी, नाशिक